मत्स्यविनोद आणि तलावांवरील हक्क

मासेमारी हे उपजीविकेचे साधन आहे, तसाच तो करमणुकीचाही विषय आहे. या दुसऱ्या अंगाचा महत्त्वाचा प्राचीन पुरावा कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात सापडतो. त्याच्या विनोदविंशतीत ‘मत्स्यविनोद’ हे स्वतंत्र प्रकरण असून माशांचे प्रकार, त्यांना चारा घालून एकत्र आणण्याची रीत, दोरी, गळ व आमिष यांचे तपशीलवार वर्णन त्यात आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले.

या परंपरेचे अगदी अलीकडचे रूप म्हणजे संगणकीय खेळ होत. जपानमधील सेगा कंपनीचा ‘गेट बास’ हा खेळ १९९७ मध्ये सार्वजनिक खेळघरांत आला. १९९९ मध्ये त्याची घरगुती आवृत्ती ‘सेगा बास फिशिंग’ या नावाने निघाली आणि २००१ मध्ये दुसरा भाग प्रसिद्ध झाला. गळाच्या काठीसारखे साधन हाती धरून दोरी फेकावयाची, मासा लागला की हाताला ओढ जाणवावयाची, ही त्याची योजना होती. ज्यांनी कधी गळ हाती धरला नव्हता अशांनाही तो आवडला, ही गोष्ट लक्षणीय आहे. राजाचा विनोद आणि पडद्यावरील खेळ यांत काळाचे अंतर मोठे असले तरी दोहोंची मांडणी एकच आहे. तेथे पक्ष दोनच : मासा आणि त्याला पकडणारा. पाणी कोणाचे, हा प्रश्न तेथे उद्भवतच नाही.

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या इतिहासात मात्र हाच प्रश्न मध्यवर्ती आहे. हा तलावांचा प्रदेश होय. चांद्याच्या गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्यास त्याखाली भिजणारी जमीन इनाम देण्याचे धोरण ठेवले होते, असे लुसी स्मिथ यांच्या १८६९ च्या बंदोबस्त अहवालावरून दिसते. अशा देणगीस ‘तुकूम’ म्हणत. पुढे मालगुजारांकडे असलेल्या या तलावांच्या पाण्यावर धानाची शेती उभी राहिली आणि ढिवर समाजाची मासेमारीही. गावकऱ्यांचे वापराचे हक्क ‘निस्तार’ या नावाने गावदप्तरात नोंदले जात.

मध्य प्रदेशच्या १९५० च्या कायद्यान्वये ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपुष्टात आली आणि तलाव शासनाकडे गेले. ‘मामा तलाव’ म्हणजे माजी मालगुजारी तलाव, हे नाव त्या स्थित्यंतराचीच खूण आहे. जुन्या मालकाची जागा शासनाने घेतली. मासेमारीचा हक्क ठेक्याने दिला जाऊ लागला आणि ढिवरांच्या सहकारी संस्था त्या व्यवहारात आल्या.

याच सुमारास माशांतही पालट झाला. १९५७ मध्ये हिरालाल चौधरी यांनी कटक येथे प्रेरित प्रजननाचा प्रयोग यशस्वी केला. रोहू, कटला, मृगळ हे मासे साठलेल्या पाण्यात सहसा अंडी घालीत नाहीत. पुढे या पद्धतीमुळे त्यांचे बीज विकत आणून तलावात सोडणे शक्य झाले. उत्पन्नाची वाट त्यामुळे रुंदावली खरी. परंतु मरळ, मागूर यांसारखे तलावात आणि धानाच्या बांध्यांत आपोआप वाढणारे मासे हे ज्याच्याजवळ भांडवल नाही त्याचेही अन्न होते. विकत घेतलेल्या बीजाचा मासा मात्र प्रथमपासूनच ठेक्याच्या हिशेबात धरलेला असतो.

या पार्श्वभूमीवर २००६ च्या वनहक्क कायद्याचे कलम ३ (१) (घ) अर्थपूर्ण ठरते. मासे व पाणवठ्यांतील इतर उत्पादने यांवरील सामूहिक हक्क त्यात मान्य केला आहे. १९८२ मध्ये चंद्रपुरातून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये या कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळाला.

मत्स्यविनोदाचा इतिहास लिहिणाऱ्याला ग्रंथ आणि खेळ सहज हाताशी लागतात. मत्स्यजीवनाचा इतिहास मात्र निस्तारपत्रकांत, ठेक्यांच्या कागदांत आणि तलावांच्या पाळीवर विखुरलेला आहे. तो एकत्र केल्यावाचून तलाव कोणाचा होता आणि त्यातील मासा कोणाच्या ताटात पडत होता, या प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही.