होळकरांची ड्यूसेनबर्ग आणि आपल्या रस्त्यावरची फियाट

जुनी स्पोर्ट्स कार बाळगणं म्हणजे हत्ती पोसणं, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. मला ही तुलना पुरती पटत नाही. हत्तीला निदान चारा गावात मिळतो. गाडीला गॅस्केट लागतं, आणि ते बनवणारा कारखाना केव्हाच बंद पडलेला असतो.

याचं मराठी माणसाच्या घरातलं सगळ्यात ठळक उदाहरण इंदूरच्या यशवंतराव होळकरांचं (दुसरे, 1908–1961). ते गादीवर आले तेही एका मोटारीच्या प्रकरणातून, असं म्हटलं तरी चालेल. जानेवारी 1925 मध्ये मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादर बावला यांची गाडी अडवून त्यांचा खून झाला. मारेकऱ्यांचे धागे इंदूर दरबारापर्यंत गेले आणि 1926 मध्ये तुकोजीरावांना गादी सोडावी लागली. मुलगा तेव्हा अठरा वर्षांचाही नव्हता. त्याचं शिक्षण इंग्लंडात झालेलं आणि आवड सगळी नव्या युरोपची. एकार्ट मुथेसिअस या जर्मन वास्तुरचनाकाराकडून त्यानं माणिकबाग राजवाडा बांधून घेतला, ब्रांकुशीची शिल्पं घेतली. गाड्यांची निवडही त्याच नजरेची.

त्यातली सगळ्यात गाजलेली ड्यूसेनबर्ग एसजे स्पीडस्टर. चासी आणि इंजिन अमेरिकेचं, बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगची, रंग नारिंगी आणि काळा. इंजिन सरळ रेषेतल्या आठ सिलिंडरचं, जवळपास 6.9 लिटरचं. माथ्यावर दोन कॅमशाफ्ट, प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह आणि वर सुपरचार्जर. कंपनीचा दावा 320 हॉर्सपॉवरचा होता. बॉनेव्हिलच्या मिठागरावर 1935 मध्ये अॅब जेन्किन्सनं याच घराण्याच्या खास तयार केलेल्या गाडीत 24 तास ताशी सुमारे 218 किलोमीटरची सरासरी ठेवली. एवढं इंजिन दिवसरात्र पूर्ण ताकदीनं चालतं आणि फुटत नाही, यापेक्षा भरवशाचा मोठा दाखला मला तरी ठाऊक नाही.

पण माझा जीव अडकतो तो डॅशबोर्डवरच्या दिव्यांत. गाडीत दात्यांची एक पेटी होती, ती अंतर मोजायची. ठरावीक अंतर झालं की चासीच्या सांध्यांना आपोआप तेल मिळायचं आणि दिवा लागायचा. 700 मैल झाले, इंजिनऑइल बदला, दिवा. 1,400 मैल झाले, बॅटरीतलं पाणी बघा, दुसरा दिवा. एवढ्या वेगाच्या गाडीचं आयुष्य ड्रायव्हरच्या आठवणीवर सोडायचं नाही, हे या लोकांनी 1929 च्या सुमारासच ओळखलं होतं. आमच्या पेशात याला प्रतिबंधक देखभाल म्हणतात. आमच्या ट्रेनिंगमध्ये ती नवी कल्पना म्हणून शिकवली, ते वेगळं.

गंमत बघा, गाडी पक्की होती, मोडली कंपनी. ड्यूसेनबर्ग 1937 मध्ये बंद पडली. या जातीच्या गाड्या एकूण पाचशेही झाल्या नाहीत. म्हणजे होळकरांची गाडी जुनी व्हायच्या आत तिचं माहेर संपलं. यशवंतरावांची ड्यूसेनबर्ग पुढे परदेशी संग्राहकांकडे गेली. भरवसा हा गुण एकट्या यंत्राचा नसतो. सुटा भाग, मिस्तरी आणि कागद या तिघांचाही तो असतो.

आता आपल्याकडे येऊ. गुडीहत्नूर नागपूर–हैदराबाद रस्त्यावर. इथूनच इंद्रवेल्ली-उटनूरचा फाटा फुटतो. या रस्त्याला आधी सात नंबर म्हणायचे, आता चव्वेचाळीस. इथे ड्यूसेनबर्ग शोधू नका. आपल्या वाट्याला आली ती फियाट 1100, वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये उभारलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. पन्नाशीच्या दशकात ती आली, 1964 पासून 1100 डी, म्हणजे ‘डिलाइट’, आणि सत्तरीच्या दशकात तीच ‘पद्मिनी’ झाली.

हिला स्पोर्ट्स कार म्हटलं की लोक हसतात. हसू द्या. हिच्याच मूळ इटालियन आवृत्तीची 1953 सालची ‘टीव्ही’, म्हणजे तुरिझ्मो वेलोचे, मिले मिलिया शर्यतीत धावली आहे. वजन टनाच्या आत, इंजिन 1089 सीसीचं, चार गिअर स्टिअरिंगच्या दांडीवर. आपल्या गाडीला ताकद बेताचीच, पण इंजिन वर फिरायला खुशीत असतं. निर्मलकडच्या घाटात तिसऱ्या गिअरात वळण घ्यायचं, दांडीचा खट्‌ असा आवाज, खिडकी उघडी. हे सुख एसी गाडीत मिळत नाही, असं मी अनुभवानं सांगतो.

दुखणीही ठरलेली. मे महिन्यात आदिलाबादचं ऊन इंजिनच्या उष्णतेत मिसळलं की पेट्रोलची पंपातच वाफ होते आणि गाडी गपगार. जुने ड्रायव्हर पंपावर ओलं फडकं गुंडाळायचे. अडाणी उपाय वाटतो, पण शास्त्र चोख आहे. पाणी उडताना उष्णता घेऊन जातं. पॉइंटची फट बिघडली तर पत्र्याची गेज आणि दहा मिनिटं पुरतात. खरा शत्रू गंज. ड्यूसेनबर्गला वेगळी भक्कम चासी होती. फियाटची बॉडी हीच तिची चासी. आपली काळी माती पावसाळ्यात दाराखालच्या पत्र्यात चिकटून बसते, ओल धरते आणि आतून खाते. वरून रंग झकास, जॅक लावला की पत्रा भुगा. अशी गाडी घेताना बोनेट नंतर उघडा, आधी खाली वाका. आणि आता 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे जुनं रबर टिकत नाही. पंपाचा पडदा आणि नळ्या बदलून घ्याव्याच लागतात.

अडचण आता यंत्रापेक्षा कायद्याच्या कॅलेंडरात जास्त आहे. जुलै 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली, मूळ रूपातली गाडी ‘व्हिंटेज’ ठरते. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. रोजच्या वापराला मनाई. म्हणजे 1970 ची डिलाइट सुटली. पण 1985 ची पद्मिनी? तिला व्हिंटेजचं संरक्षण नाही, आणि 2025 पासून वीस वर्षांवरच्या कारच्या नूतनीकरणाची फी 10,000 झाली. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली, तेव्हा पेपरात फोटो आले. आपल्याकडच्या गाड्या मात्र गोठ्याशेजारून गुपचूप भंगारात जातात, किलोच्या भावानं. पंधरा ते पन्नास या वयात जी गाडी मरते ती व्हिंटेज कधी होणार?

म्हणून मंडळाच्या सभासदांना एक काम सांगतो. आदिलाबाद, निर्मल, किनवट, पांढरकवडा या पट्ट्यात कुणाकडे फियाट उभी असेल तर चासी नंबर, इंजिन नंबर आणि पहिल्या नोंदणीची तारीख उतरवून आणा. कपाटातलं आरसी बुक सापडलं तर त्याचा फोटो काढा. चासी नंबर गंजानं वाचता येत नसेल तर ओल्या पोलिश पेपरनं हलकेच घासा, खडूची पूड चोळा आणि टॉर्च बाजूनं धरा. आकडे दिसतात.