पाच हजार इंजेक्शनं

सुरतच्या उधन्यात माझं औषधाचं दुकान आहे. आता गल्ल्यावर मुलगा बसतो, मी सकाळपुरता जातो. मूळ गाव जळगाव जिल्ह्यातलं. उधना, लिंबायत, डिंडोली या पट्ट्यात खानदेशी माणूस एवढा की गिऱ्हाइकाशी गुजरातीत सुरू झालेलं बोलणं दोन वाक्यांत अहिराणीवर येतं. या काउंटरमागून मी दोन साथी पाहिल्या, 1994 चा प्लेग आणि 2021 मधली कोरोनाची दुसरी लाट. साथीच्या काळात आपण निवडून दिलेल्या माणसानं काय करावं, याबद्दलचं माझं मत या दोन साथींनी घडवलं.

1994 च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा प्लेग दिसला होता. आदल्या वर्षीच्या किल्लारी भूकंपाच्या जखमा मराठवाड्यात अजून ओल्याच होत्या. सप्टेंबरमध्ये तापीचा पूर ओसरला आणि सुरतच्या वेड रोड भागात माणसं तापानं, खोकल्यानं पटापट दगावू लागली. हा प्लेग फुफ्फुसाचा होता. मृतांचा आकडा पन्नाशीच्या आसपास राहिला, पण भीतीला आकडा नव्हता. दोन-चार दिवसांत काही लाख माणसं शहर सोडून गेली. उधना स्टेशनवर भुसावळकडच्या गाडीत पाय ठेवायला जागा नसायची. कितीतरी खासगी डॉक्टर दवाखान्याला कुलूप लावून निघून गेले. सिव्हिल हॉस्पिटलमधून पेशंट पळू नयेत म्हणून रॅपिड ॲक्शन फोर्सचे जवान बसवावे लागले.

आमच्या काउंटरवर एकच मागणी होती, टेट्रासायक्लिन. चिठ्ठी नाही, ताप नाही, तरी घरात असावी म्हणून लोक स्ट्रिपमागून स्ट्रिप मागत. माल बघता बघता संपला. हे औषध साधं, स्वस्त आणि प्लेगवर खरोखर गुणकारी. वेळेवर पोटात गेलं की माणूस वाचायचा. त्यामुळे ते कुणाकडे किती आहे यापेक्षा आजारी माणसापर्यंत पोचतं का, हाच खरा प्रश्न होता.

पण शहर सुधारलं ते गोळ्यांनी नाही. मे 1995 मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आले. त्यांनी सहाही झोनच्या अधिकाऱ्यांना जवळपास आयुक्तांएवढे अधिकार दिले, त्यांना रोज सकाळी कचऱ्याच्या ढिगापाशी उभं केलं आणि अतिक्रमणं पाडताना बड्यांचीही गय केली नाही. 1996 मध्ये इंटॅक या संस्थेनं सुरतला चंदीगडनंतरचं देशातलं दुसरं स्वच्छ शहर ठरवलं. राव निवडून आलेले नव्हते, नेमलेले होते. निवडून दिलेल्यांनी जे आधी मागायला हवं होतं, ते त्यांनी करून दाखवलं.

निवडून आलेल्या माणसाचा, याआधीच्या प्लेगमधला एक मराठी दाखला आहे. 1897 मध्ये पुण्यात साथ पसरली तेव्हा टिळक मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलचे सभासद होते. बरीच पुढारी मंडळी गाव सोडून गेली, टिळक थांबले. हिंदू रुग्णांसाठी त्यांनी इस्पितळ काढलं, तिथे स्वतः जात राहिले. त्याच वेळी प्लेग अधिकारी रँडच्या कारभारावर, घरझडतीला येणाऱ्या सोल्जरांवर ‘केसरी’तून कोरडे ओढले. एक हात रुग्णाला आणि दुसरा सरकारला जाब विचारायला, अशी ती विभागणी होती. त्याच साली आलेला साथरोग कायदा कोरोनातही वापरात होता.

आता 2021 चा एप्रिल. नवसारी मतदारसंघात आमचा उधना, लिंबायत, मजुरा हा भाग येतो. खासदार सी. आर. पाटील, जन्म जळगाव जिल्ह्यातला, तेव्हा गुजरात भाजपचे अध्यक्ष. त्यांनी जाहीर केलं की रेमडेसिव्हिरची पाच हजार इंजेक्शनं पक्षाच्या कार्यालयातून फुकट दिली जातील. हातात डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन नातेवाईक रांगेत उभे राहिले. ज्या घरातला कर्ता माणूस ऑक्सिजनवर आहे, त्या घराला त्या दिवशी पाटीलभाऊ देवासारखे वाटले असतील आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही. माझ्याच काउंटरवर येऊन लोक रडत होते, “काका, कुठूनही आणा.” मी कुठून आणणार?

पण औषधवाल्याचं डोकं हिशेब केल्याशिवाय राहत नाही. पहिल्या दिवशी दोन व्हायल, पुढे चार दिवस रोज एक, म्हणजे एका पेशंटला सहा. पाच हजार भागिले सहा, जेमतेम आठशे तेहतीस पेशंट. त्यातही जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 च्या नोव्हेंबरमध्येच हे औषध वापरू नये असा सल्ला दिला होता. ते टेट्रासायक्लिनसारखं रामबाण कधीच नव्हतं. आणि 1940 च्या औषध कायद्यानं औषध विकायलाच नव्हे, वाटायलाही परवाना लागतो. माझा भिंतीवर टांगलेला आहे. आम्ही प्रत्येक बिलावर बॅच नंबर लिहितो, कारण उद्या औषधात खोट निघाली तर ते कुणाच्या अंगात गेलं हे शोधता यावं.

मुख्यमंत्री विजय रूपाणींना पत्रकारांनी विचारलं, हा साठा आला कुठून? ते म्हणाले, ते सी. आर. पाटलांनाच विचारा. विरोधी पक्षनेते परेश धानाणी उच्च न्यायालयात गेले. न्यायालयानं त्याआधीच कोरोनाच्या ढिसाळ व्यवस्थेची स्वतःहून दखल घेतली होती आणि रेमडेसिव्हिर लोकांना का मिळत नाही, हे सरकारला विचारायला सुरुवात केली होती.

मला खटकतं ते इथे. औषध कुठे अडकलंय, सिव्हिलमध्ये किती आहे, खासगी रुग्णालयांना कुठल्या क्रमानं मिळतं, हे सगळं खडसावून विचारायची ताकद खासदाराइतकी कुणाकडे होती? पक्ष सत्तेत, शब्दाला वजन. तो साठा सिव्हिलच्या स्टोअरमध्ये जमा झाला असता तर कुणाला मिळालं आणि कुणाला नाही, याची नोंद सरकारी रजिस्टरात राहिली असती. पक्षाच्या दारातून मिळालेलं औषध उपकार होतं, सिव्हिलमधून मिळालेलं हक्क. गरिबाला यातला फरक पुढच्या साथीत कळतो, तेव्हा दार कुठलं ठोठावायचं हेच त्याला ठाऊक नसतं.

आमच्या गल्लीत अजूनही ‘भाऊंनी इंजेक्शन दिलं’ असं सांगणारी घरं आहेत, त्यांची कृतज्ञता खरी आहे. मत मागायला कुणीही आलं की मी मात्र विचारतो, वॉर्डातल्या आरोग्य केंद्रात आज कुठली औषधं संपलीत? उत्तर येत नाही तोवर मी चहा सांगत नाही.