गादी : राजाची आणि रयतेची

राज्य आणि अंथरूण या दोहोंसाठी मराठीने एकच शब्द ठेवला आहे. राजा गादीवर बसतो, मठाधिपती गादी चालवितो, शेठजी पेढीच्या गादीला टेकतात आणि दिवसभर राबलेला माणूसही रात्री गादीवरच आडवा होतो. नागपुरातील राजाची गादी गेली. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले आणि १८५४ साली डलहौसीने ती खालसा केली. रयतेची कापसाची गादी मात्र कोणाला खालसा करता आली नाही.

उलट त्या कापसावरच साहेबाचा डोळा होता. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, मँचेस्टरच्या गिरण्या कापसावाचून अडल्या आणि हिंगणघाटच्या कापसाचा भाव चढला. १८६७ साली आगगाडी नागपुरास पोहोचली. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल येथेच सुरू झाली. गिरणी आज बंद आहे; पण तिच्या भोंग्यावर उठणाऱ्या कामगारांची बिऱ्हाडे एकदोन खोल्यांतच नांदली. मुंबईत १९२० नंतर उभ्या राहिलेल्या बी. डी. डी. चाळींतली खोली तर अवघी १६० चौरस फुटांची.

अशा घरात पलंग म्हणजे चोवीस तास मुक्काम ठोकलेला पाहुणा. तो रात्री उपयोगी पडतो आणि दिवसभर वाट अडवितो. गादीचे तसे नाही. पहाटे तिची वळकटी होते, भिंतीशी लावून वर चादर घातली की आल्यागेल्याला बैठक होते. त्याच जागी पाट मांडले जातात, पोरे अभ्यासाला बसतात आणि रात्री पुन्हा शयनगृह अवतरते. वैशाखात नागपूर तापू लागले की हीच गादी खांद्यावर बसून गच्ची गाठते. पलंगाला जिना चढता येत नाही!

जपानी माणसानेही हेच उत्तर शोधले. त्याची गादी म्हणजे ‘फ्यूटन’. रात्री ती चटईच्या जमिनीवर पसरायची, सकाळी घडी करून भिंतीतल्या कपाटात ठेवायची. तेथील जुन्या राजकीय बखरीत ७९९ सालची एक गमतीची नोंद आहे : मिकावा प्रांताच्या किनाऱ्याला एक परका माणूस वाहत आला, त्याच्याजवळ कापसाचे बी होते आणि पुढे त्याने आपण हिंदुस्थानचे असल्याचे सांगितले. ते बी तेथे टिकले नाही. कापूस जपानात रुजला तो कित्येक शतकांनंतर. १८९३ साली मुंबई ते कोबे अशी जपानी आगबोटींची वाहतूक सुरू झाली. तीमागे जमशेटजींचाही हात होता आणि माल होता आपलाच कापूस.

आज दुकानात फोम, काथ्या आणि कापूस शेजारी शेजारी पडलेले असतात. जागा थोडी असेल तर हा इतिहास उपयोगी पडावा. गादी तीनचार इंचांहून जाड नको. जाड गादी वळत नाही. दोघांची एक करण्यापेक्षा एकेकाच्या दोन कराव्यात. मुख्य म्हणजे घरात जी व्यक्ती ती रोज उचलणार, तिने दुकानातच उचलून पाहावी. हे ओझे बहुधा गृहिणीच्या कमरेवर येते. गुडघे धरलेल्या वडीलधाऱ्यांना मात्र जमिनीवरून उठवू नये, त्यांना आपली बाजच बरी.

कापूस ओल धरतो, म्हणून पावसाळा सरला की गादीला कडक ऊन दाखवावे लागते. परंतु त्याचा एक गुण फोमला नाही. दबलेला कापूस पिंजला की पुन्हा फुगतो. खांद्यावर पिंजण टाकून, तिची तार छेडीत पिंजारी गल्लीतून जाई. दोनतीन वर्षांनी त्याला बोलावले की जुन्याच कापसाची नवी गादी होई, खर्च मजुरीचा आणि फार तर नव्या खोळीचा. तो नाद आता क्वचितच कानी पडतो. यंत्रावर कापूस पिंजून देणारी दुकाने अजून आहेत, त्यांना काम मिळाले तर ती टिकतील.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे वडील माणसे सांगत आली. लहान घरात त्याआधीची एक पायरी आहे : घर पाहून अंथरूण घ्यावे.