लिंकन यांच्या निवडीला झालेला विरोध (१८६०–६१)

लिंकन यांच्या निवडीला झालेला विरोध : अब्राहम लिंकन यांची अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे सोळावे राष्ट्राध्यक्ष म्हणून झालेली निवड दक्षिणेतील गुलामधारक राज्यांनी नाकारली. नोव्हेंबर १८६० ते एप्रिल १८६१ या सहा महिन्यांत या नकाराचे पर्यवसान आधी संघराज्य फुटण्यात आणि मग यादवी युद्धात झाले. याच काळात उत्तरेतील व्यापारी, डेमोक्रॅटिक पक्षाचे मतदार आणि गुलामगिरीचे कट्टर विरोधक हेही आपापल्या कारणांसाठी लिंकन यांच्यावर नाराज होते. नव्या नेत्याने पदाची शपथ घेण्याआधीच, एकही निर्णय घेतलेला नसताना, सात राज्ये बाहेर पडली. त्यामुळे त्याच्या कारभाराला कंटाळून हा विरोध झाला असे म्हणता येत नाही. त्याचे मूळ निकालाच्या अर्थात शोधावे लागते.

६ नोव्हेंबर १८६० रोजी झालेली निवडणूक चौरंगी होती. गुलामगिरीच्या प्रश्नावरून डेमोक्रॅटिक पक्षात आधीच फूट पडली होती. उत्तरेकडच्या डेमोक्रॅटांनी इलिनॉयचे सिनेटर स्टीफन डग्लस यांना, तर दक्षिणेकडच्यांनी तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष जॉन ब्रेकिनरिज यांना उभे केले. दोन्ही बाजूंच्या टोकाच्या भूमिका टाळू पाहणाऱ्यांचा एक वेगळा पक्ष होता, त्याचे उमेदवार जॉन बेल. लिंकन यांना सुमारे १८ लाख ६६ हजार मते पडली, म्हणजे शेकडा चाळीसच्या किंचित खाली. राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या निर्वाचक मंडळातील ३०३ पैकी १८० मते मात्र त्यांच्याकडे होती आणि बहुमताला १५२ पुरेशी होती. शेकडा साठ मतदारांना नको असलेला माणूस केवळ मतविभागणीमुळे निवडून आला, हा आक्षेप तेव्हापासून आजवर घेतला जातो. आकडे त्याला साथ देत नाहीत. तिन्ही प्रतिस्पर्ध्यांची मते एकाच उमेदवाराच्या पारड्यात पडली असती, तरी लिंकन यांचे निर्वाचक मंडळातील बहुमत टिकले असते. कारण त्यांनी जिंकलेल्या बहुतेक राज्यांत त्यांना निम्म्याहून जास्त मते होती.

निकालाबद्दलची खरी तक्रार वेगळी होती. दक्षिणेतील नऊ राज्यांत लिंकन यांच्या नावाने एकही मत पडले नाही. साउथ कॅरोलिनात तर जनतेचे मतदानच नव्हते, तेथे निर्वाचकांची नेमणूक विधिमंडळ करी. एकही मत न पडण्याचे कारण त्या काळच्या मतदानपद्धतीत होते. सरकारने छापलेली मतपत्रिका तेव्हा नव्हती. प्रत्येक पक्ष आपल्या उमेदवारांच्या नावांची चिठ्ठी छापून वाटे आणि मतदार ती सर्वांदेखत पेटीत टाकी. एखाद्या राज्यात पक्षाचे नाव घ्यायचीही चोरी असेल, तर तेथे चिठ्ठी छापणार कोण, वाटणार कोण आणि पाच शेजाऱ्यांच्या देखत ती पेटीत टाकणार कोण? व्हर्जिनियात चिठ्ठ्या पोहोचल्या, तेथे दोन हजारांच्या आत मते मिळाली. जेथे लिंकन यांना मत देणे शक्यच ठेवले नव्हते, तेथल्या पुढाऱ्यांनी ‘हा आमचा राष्ट्राध्यक्ष नव्हे’ असे म्हणावे, ही या प्रकरणातील सर्वांत मोठी विसंगती होय. शिवाय देशातील सुमारे ४० लाख गुलामांना मताचा हक्क नव्हता. तरीही प्रतिनिधी आणि निर्वाचक यांची संख्या ठरवताना पाच गुलामांमागे तीन माणसे धरली जात आणि त्यांच्या डोक्यांवर वाढलेले वजन त्यांच्या मालकांच्या बाजूने पडे.

लिंकन यांच्या रिपब्लिकन पक्षाच्या जाहीरनाम्यात गुलामगिरी बंद करू असे कुठेही म्हटलेले नव्हते. ज्या राज्यांत ती आहे, तेथे हात लावायचा नाही. पश्चिमेच्या नव्या प्रदेशांत मात्र ती पसरू द्यायची नाही, एवढीच भूमिका होती. लिंकन यांनी फेब्रुवारी १८६० मध्ये न्यूयॉर्कच्या कूपर युनियनमध्ये केलेल्या भाषणात तीच मांडली आणि निवडून आल्यावर खासगी पत्रांतही तीच कायम ठेवली. मग एवढा भडका का उडाला? दक्षिणेच्या पुढाऱ्यांनी पुढचा हिशेब केला होता आणि तो चुकीचा नव्हता. नवे प्रदेश गुलामीमुक्त राज्ये म्हणून संघात येत राहिले असते, तर आज ना उद्या राज्यघटना बदलण्याइतके बळ उत्तरेकडे गेले असते. टपाल, जकात, केंद्रीय न्यायालये येथल्या नेमणुका नव्या राष्ट्राध्यक्षाच्या हाती जाणार होत्या. त्या नेमणुकांच्या आधाराने खुद्द दक्षिणेत, गुलाम नसलेल्या गोऱ्यांमध्ये, रिपब्लिकन पक्ष मूळ धरील ही धास्ती होती. गुलामांची ‘मालमत्ता’ म्हणून असलेली किंमत इतिहासकार सुमारे ३ अब्ज डॉलर धरतात. ऑक्टोबर १८५९ मध्ये जॉन ब्राउन यांनी हार्पर्स फेरी येथे शस्त्रागारावर छापा घालून गुलामांच्या उठावाचा प्रयत्न केला होता. त्याची दहशत ताजी होती आणि दक्षिणेतली वृत्तपत्रे प्रत्येक रिपब्लिकनात जॉन ब्राउन पाहत होती.

या विरोधाचे अंतरंग जॉर्जियाचे अलेक्झांडर स्टीफन्स यांच्या दोन भाषणांतून जेवढे उलगडते, तेवढे दुसऱ्या कशातूनही नाही. १४ नोव्हेंबर १८६० रोजी जॉर्जियाच्या विधिमंडळासमोर त्यांनी फुटीला विरोध केला. राज्यघटनेप्रमाणे निवडून आलेल्या माणसामुळे संघ मोडणे योग्य नाही, सिनेट आणि प्रतिनिधिगृह दोन्ही लिंकन यांच्या विरोधात आहेत, त्यामुळे ते मनात आणले तरी फार काही करू शकणार नाहीत, असे त्यांनी पटवून दिले. युक्तिवाद बिनतोड होता. दक्षिणेचे सिनेटर आपापल्या जागांवर बसून राहिले असते, तर नव्या राष्ट्राध्यक्षाला प्रत्येक कायद्यासाठी आणि महत्त्वाच्या प्रत्येक नेमणुकीसाठी त्यांच्याकडे यावे लागले असते. सर्वोच्च न्यायालयही गुलामधारकांना अनुकूल होते. गुलामधारकांची बाजू उचलून धरणारा ड्रेड स्कॉट खटल्याचा १८५७ चा निकाल त्याच न्यायालयाचा. चार महिन्यांनी हेच स्टीफन्स फुटलेल्या राज्यांनी स्थापन केलेल्या राज्यसंघाचे उपाध्यक्ष झाले होते. २१ मार्च १८६१ रोजी सव्हाना येथे त्यांनी सांगितले, की आमच्या नव्या सरकारची कोनशिला गोरा व काळा समान नाहीत आणि गुलामी ही काळ्यांची नैसर्गिक अवस्था आहे, या तत्त्वावर बसवली आहे. दरम्यान, २२ डिसेंबरच्या पत्रात लिंकन यांनी त्यांना लिहिले होते, की तुम्ही गुलामगिरी योग्य मानता आणि ती पसरावी म्हणता, आम्ही ती अयोग्य मानतो आणि तिला आवर घालावा म्हणतो. आपल्यात खरा फरक असेल तर तेवढाच.

मतदानाच्या दुसऱ्या दिवशी, ७ नोव्हेंबरला, साउथ कॅरोलिनाच्या चार्ल्स्टन येथील केंद्रीय न्यायालयात ज्यूरीच्या प्रमुखाने पुढचे काम करण्यास नकार दिला. न्यायाधीश अँड्र्यू मॅग्रॅथ उठले, त्यांनी अंगावरचा झगा उतरवला आणि भरल्या न्यायालयात राजीनामा दिला. साउथ कॅरोलिनातील निम्म्याहून अधिक लोकसंख्या गुलामांची होती. फुटीच्या बाजूने पहिले पाऊल तेथे पडले, त्यामागे हेही एक कारण होते. २० डिसेंबरला तेथील परिषदेने संघातून बाहेर पडण्याचा ठराव १६९ विरुद्ध ० मतांनी केला. चारच दिवसांनी काढलेल्या जाहीरनाम्यात कारणे सांगितली होती. त्यातली मुख्य तक्रार अशी, की पळून आलेले गुलाम परत करण्याचा केंद्रीय कायदा उत्तरेची राज्ये पाळत नाहीत आणि आता त्यांनी गुलामगिरीचा द्वेष्टा माणूस सर्वोच्च पदावर बसवला आहे. जानेवारीत मिसिसिपी, फ्लोरिडा, अलाबामा, जॉर्जिया आणि लुइझियाना, तर १ फेब्रुवारीला टेक्सस बाहेर पडले. मिसिसिपीच्या जाहीरनाम्याने तर आपली भूमिका गुलामगिरीशी पूर्णपणे एकरूप असल्याचे सुरुवातीलाच सांगून टाकले.

गुलाम बाळगणारी कुटुंबे दक्षिणेतही अल्पसंख्य होती. मग बाकीचे गोरे शेतकरी मळेवाल्यांच्या मागे का गेले? जॉर्जियाचे गव्हर्नर जोसेफ ब्राउन यांनी डिसेंबर १८६० मध्ये काढलेल्या जाहीर पत्रात त्याचे उत्तर आहे. गुलाम मुक्त झाले तर श्रीमंत आपले बघून घेतील. पण गरीब गोऱ्याला मजुरीसाठी काळ्यांशी स्पर्धा करावी लागेल आणि त्यांच्याबरोबरीने वागावे लागेल, अशी भीती त्यांनी घातली. ज्याच्याकडे जमीनजुमला नाही त्याला कातडीच्या रंगाचा मोठेपणा गमावण्याची भीती दाखवायची, हा डाव बऱ्याच अंशी यशस्वी झाला. सगळीकडे मात्र नाही. टेनेसीच्या पूर्व भागातील डोंगराळ मुलूख संघाच्या बाजूने राहिला आणि व्हर्जिनियाचे पश्चिमेकडील जिल्हे पुढे १८६३ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया म्हणून वेगळे झाले.

उत्तरेतील विरोधाचे धागे निराळे होते. न्यूयॉर्कच्या पेढ्यांचा पैसा दक्षिणेच्या कापसात अडकला होता. महापौर फर्नांडो वुड यांनी जानेवारी १८६१ मध्ये शहराने स्वतंत्र व्हावे अशीही सूचना केली. दुसऱ्या टोकाला वेंडेल फिलिप्स यांच्यासारखे गुलामगिरीविरोधी वक्ते होते. पळालेल्या गुलामांना परत धाडण्याचा कायदा पाळू म्हणणारा राष्ट्राध्यक्ष त्यांना भेकड वाटे. स्वतः गुलामीतून निसटलेले फ्रेडरिक डग्लस यांनीही लिंकन यांच्या पहिल्या अध्यक्षीय भाषणावर याच मुद्द्यावरून कडक टीका केली. पुढे त्यांचे मत बदलले. पण १८६१ मधील त्यांची निराशा रास्त होती.

पराभूत उमेदवारांत स्टीफन डग्लस यांची वागणूक विशेष नोंदवण्यासारखी आहे. आपण हरणार हे कळल्यावरही ते दक्षिणेत फिरत राहिले आणि लिंकन निवडून आले तरी ते फुटण्याचे कारण होऊ शकत नाही, हे तेथल्या सभांतून सांगत राहिले. लिंकन यांचे धोरण त्यांना मान्य नव्हते, तरी निकाल त्यांनी मानला. युद्ध सुरू होताच त्यांनी सरकारला पाठिंबा दिला आणि जून १८६१ मध्ये त्यांचे निधन झाले. ब्रेकिनरिज यांच्या वाट्याला त्याहून अवघड प्रसंग आला. १३ फेब्रुवारी १८६१ रोजी अमेरिकी काँग्रेससमोर निर्वाचक मते मोजायची होती. मोजणी उधळली जाईल अशा वदंता होत्या. लष्करप्रमुख जनरल विनफिल्ड स्कॉट यांनी कॅपिटॉलभोवती सैनिक ठेवले आणि प्रवेशिकेशिवाय कोणालाही आत सोडले नाही. उपराष्ट्राध्यक्ष या नात्याने अध्यक्षस्थानी ब्रेकिनरिजच होते. एकेका राज्याचा लखोटा उघडला गेला, मते वाचली गेली आणि त्यांनी आपल्या प्रतिस्पर्ध्याचा विजय जाहीर केला. पुढे ते फुटीरांना जाऊन मिळाले, पण त्या दिवशी त्यांनी कर्तव्यात कसूर केली नाही.

मावळते राष्ट्राध्यक्ष जेम्स ब्यूकॅनन यांनी राज्यांना फुटण्याचा हक्क नाही आणि सरकारला त्यांना अडवण्याचाही अधिकार नाही, अशी भूमिका घेतली आणि चार महिने वाया घालवले. शपथविधीसाठी वॉशिंग्टनला जाताना लिंकन यांना बाल्टिमोरमध्ये जिवे मारण्याच्या कटाची खबर मिळाल्याने २३ फेब्रुवारीच्या पहाटे, कोणाला कळू न देता, ते शहर ओलांडावे लागले. ४ मार्चचा शपथविधी छपरांवर बंदूकधारी ठेवून पार पडला. १२ एप्रिलला चार्ल्स्टनच्या बंदरातील फोर्ट समटर या केंद्र सरकारच्या किल्ल्यावर फुटीरांच्या तोफा सुरू झाल्या आणि युद्ध पेटले. त्यानंतर आणखी चार राज्ये फुटली.

युद्धाचे पडसाद महाराष्ट्रापर्यंत आले. दक्षिणेची बंदरे नाकेबंदीने अडली तेव्हा इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानी कापसाची निकड भासली. वऱ्हाड-खानदेशाच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्या काळातली शेअरांची तेजी उसळली आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच ती कोसळली. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. चार्ल्स्टनच्या पुढाऱ्यांना ज्याची भीती होती तेच घडले, याबद्दलची कृतज्ञता पुण्यातून व्यक्त झाली.

पराभवानंतर दक्षिणेत या इतिहासाची वेगळी मांडणी सुरू झाली. राज्यसंघाचे माजी अध्यक्ष जेफर्सन डेव्हिस यांनी १८८१ च्या आपल्या ग्रंथात भांडण राज्यांच्या हक्कांचे होते असे प्रतिपादन केले. इतरांनी जकातीचे कारण पुढे केले. ते टिकत नाही. आयात मालावरची जकात वाढवणारा मॉरिल कायदा मार्च १८६१ मध्ये झाला, तोवर सात राज्ये गेलेली होती. राज्यांच्या हक्कांबद्दल बोलायचे, तर साउथ कॅरोलिनाची तक्रारच मुळी उत्तरेच्या राज्यांनी आपले हक्क वापरून पळालेले गुलाम परत देण्याचे नाकारले याबद्दल होती. फुटीरांनी त्या वेळी स्वतःच्या सहीने लिहिलेले जाहीरनामे नंतरच्या आठवणींपेक्षा अधिक विश्वसनीय आहेत आणि त्यांत गुलामगिरी पानोपानी आहे.

नोव्हेंबर १८६४ मध्ये, युद्ध चालू असताना, निवडणूक ठरल्या वेळी झाली. लिंकन यांच्या सरकारने युद्धकाळात टीकाकारांना अटका केल्या होत्या आणि त्या डागाचे समर्थन करता येत नाही. मतदान मात्र त्यांनी पुढे ढकलले नाही. डेमोक्रॅटिक उमेदवार जॉर्ज मॅक्लेलन यांना शेकडा ४५ मते आणि २१ निर्वाचक मते मिळाली. लिंकन यांना नको म्हणणारी ती सगळी मते रीतसर मोजली गेली.