डॅम्प आणि वाफसा

इंग्रजीतला ‘डॅम्प’ आज ओलसर भिंतीसाठी वापरतात, पण मुळात त्याचा अर्थ वाफ. जर्मनमध्ये ‘डाम्फ’ म्हणजे अजूनही वाफच. कोळशाच्या खाणीतल्या स्फोटक वायूला इंग्रज खाणकामगार ‘फायरडॅम्प’ म्हणत. ओलाव्याचा अर्थ नंतर आला.

आपल्याकडे संस्कृत ‘बाष्प’ची ‘वाफ’ झाली आणि ‘वाफसा’त ती थेट मातीत उतरली. दक्षिण सोलापुरातल्या कुंभारीच्या परिसरात रब्बी ज्वारी मुख्यतः जमिनीत साठलेल्या ओलीवर वाढते. पाऊस उघडला, रान ना चिखल ना कोरडे असे वाफशावर आले, की पेरणी. ‘ओल’ मात्र संस्कृत ‘आर्द्र’पासून, प्राकृत ‘ओल्ल’मार्गे आली.

शेतीवर लिहिणाऱ्यांनो, ‘मॉइश्चर’ कशाला? ओल आणि वाफसा लिहा. ते अधिक नेमके आहेत.