पोर्टेबल पॉवर स्टेशन व सौर पॅनेल यांची जुळणी

पोर्टेबल पॉवर स्टेशन म्हणजे बॅटरी, चार्ज कंट्रोलर व इन्व्हर्टर एकाच पेटीत असलेला, सहज हलवता येणारा वीजसंच होय. सौर पॅनेल जोडताना त्यांचा विद्युतदाब, विद्युतधारा व शक्ती संचाच्या आदान मर्यादांशी जुळवावी लागतात. यांपैकी विद्युतदाबाची कमाल मर्यादा सर्वांत महत्त्वाची असते. ती ओलांडल्यास संचातील इलेक्ट्रॉनिक घटक कायमचे निकामी होऊ शकतात.

विद्युतदाब
पॅनेलच्या मागील पट्टीवर दोन विद्युतदाब नोंदलेले असतात : कमाल शक्तीच्या वेळचा आणि खुल्या परिपथाचा. जुळणीसाठी यांतील मोठा, म्हणजे खुल्या परिपथाचा आकडा धरतात. एकसर जोडणीत पॅनेलांच्या विद्युतदाबांची बेरीज होते. समांतर जोडणीत विद्युतधारांची बेरीज होते.

तापमानाचा परिणाम
पट्टीवरील आकडे २५ अंश सेल्सिअस तापमानाला व प्रति चौरस मीटर १००० वॅट प्रकाशतीव्रतेला मोजलेले असतात. सिलिकॉन पॅनेलचे तापमान एका अंशाने घटले की खुल्या परिपथाचा विद्युतदाब सुमारे ०.३ टक्क्याने वाढतो. त्यामुळे लडाखसारख्या थंड प्रदेशात सूर्योदयानंतरचा काळ विशेष जोखमीचा असतो.

उदाहरण
एखाद्या संचाची आदान मर्यादा १२ ते ४८ व्होल्ट व १० अँपिअर आहे आणि प्रत्येकी १०० वॅटची, २२ व्होल्ट खुल्या परिपथाची दोन पॅनेल उपलब्ध आहेत, असे मानू. एकसर जोडणीत ४४ व्होल्ट मिळतात व जुळणी सुरक्षित भासते. मात्र उणे १० अंशांना हाच विद्युतदाब सुमारे ४८.६ व्होल्ट होऊन मर्यादा ओलांडतो. अशा ठिकाणी समांतर जोडणी योग्य ठरते.

विद्युतधारा व शक्ती
समांतर जोडणीत वरील पॅनेलांची विद्युतधारा सुमारे ११ अँपिअर होते. बहुतेक नियंत्रक आपल्या क्षमतेपुरतीच धारा घेतात. उरलेली शक्ती वापरली जात नाही. तथापि माहितीपुस्तिकेत कमाल धारेची सक्त मर्यादा दिली असल्यास ती पाळणे आवश्यक असते. विद्युतदाब किमान मर्यादेखाली राहिल्यास चार्जिंग सुरू होत नाही.

दक्षता
जोडणीपूर्वी मल्टिमीटरने विद्युतदाब व धन-ऋण टोके तपासतात. भिन्न विद्युतधारेची पॅनेल एकसर आणि भिन्न विद्युतदाबाची पॅनेल समांतर जोडणे टाळतात. तीन किंवा अधिक पॅनेल समांतर जोडताना प्रत्येक शाखेत योग्य क्षमतेचा फ्यूज बसवण्याची पद्धत आहे.