माळ्यावरच्या ट्रंका आणि बडोद्याच्या पेट्या



बडोद्यातल्या मराठी घरांचा इतिहास बघायचा तर एकदा माळ्यावर चढावं लागेल. दांडिया बाजार असो की रावपुरा, जुन्या घरांतून हल्ली एकच प्रश्न कानावर येतो. मुलं पुण्याला, बंगळूरला नाहीतर अमेरिकेत स्थायिक झाली, घर विकायचं घाटतंय, तर त्यांच्या सामानाचं करायचं काय?

आमच्या आजोबांच्या काळात हा प्रश्नच नव्हता. थोरल्याची पाटी धाकट्याकडे जाई, पुस्तकाला नवं कव्हर घातलं की ते पुढच्या भावंडाचं, आणि सदरा विरला की त्याची गोधडी. एकाच्या मालकीचं असं घरात फारसं काही नसेच.

१९६९ साली बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. शाखा वाढल्या आणि आमच्यासारखे बी.कॉम. झालेले नोकरीला लागले. मुलं दोनच, त्यामुळे प्रत्येकाला स्वतंत्र कपाट, सायकल, ‘किशोर’चे अंक. १९९१ नंतर बाहेरच्या नोकऱ्या खुल्या झाल्या, तशी मुलं दोन सुटकेसी घेऊन गेली. बाकीच्या सामानावर एकच उत्तर: “असू दे आई, पुढच्या वेळी नेतो.” बँकेच्या भाषेत, मुदत न लिहिलेली ठेव!

बँकेत खात्याला दहा वर्षं कुणी हात लावला नाही, तर २०१४ च्या योजनेनुसार ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. पण मालकाचा हक्क बुडत नाही, आधी त्याचा शोध घ्यावा लागतो. घरातही तेच करावं. यादी करावी, फोटो पाठवावेत, दिवाळीपर्यंतची मुदत द्यावी. पत्रं आणि डायऱ्या न वाचता बांधून ठेवाव्यात, त्या त्यांच्याच. सर्टिफिकिटं वेगळ्या फायलीत. कपडे, खेळणी, सायकल मात्र गरजवंताला द्यावी.

पुस्तकं आणि वह्या यांचं थोडं निराळं आहे. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं, १९०६ मध्ये ते सगळ्या राज्यात लागू झालं. पुढे १९१० च्या सुमारास ग्रंथालयांचं खातं उभं राहिलं आणि लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून गावोगाव पाठवली जाऊ लागली. एका गावात वाचून झाली की पेटी परत येई, मग दुसरीकडे रवाना. ज्या गावातून पेट्या अशा फिरल्या, तिथेच आपल्या पेट्या कुलूप लावून माळ्यावर पडून आहेत. तेव्हा वाचनीय पुस्तकं ग्रंथालयाला विचारून द्यावीत.

वह्यांचं काय? आमच्या घरात मराठी माध्यमात शिकलेली शेवटची पिढी आमच्या मुलांची. नातवंडं मराठी बोलतात, पण वाचताना अडखळतात. ‘लघुत्तम साधारण विभाज्य’ अशा शब्दांत इथे बडोद्यात गणित शिकवलं जाई, हे उद्या सांगून खरं वाटणार नाही. वही समोर असली तर वाटेल. रद्दीवाला तिला किलोच्या भावाने नेईल. वह्या सगळ्या ठेवायला जागा कुणाकडे आहे? पण प्रत्येक मुलाची एक तरी राखावी, वर नाव, शाळा आणि साल लिहून.

घर विकलं तरी तेवढं एका पिशवीत मावतं. तुमच्या माळ्यावर काय काय निघालं, तेही जरूर लिहा.